बोटांबरहुकूम

आमच्या वर्तमानपत्राच्या डेस्कचे प्रमुख गेल्या वर्षी दिवाळीनंतरच्या एका गुरुवारी सकाळी मुलुंड पूर्वेच्या राहत्या घरी वारले. ते सत्तावन्न वर्षांचे होते. आजार मज्जातंतूंचा होता. उजव्या अंगठ्यापासून सुरू झाला आणि श्वासापर्यंत गेला. आदल्या रविवारी दुपारी ते टीव्हीसमोर बसून फुटबॉलचा व्हिडिओ गेम खेळले. तो सामना मी पाहिला.

त्यांच्या हाताखाली मी बरीच वर्षं काम केलं. अंधेरीच्या ऑफिसात त्यांचं टेबल खांबाला लागून होतं आणि त्या टेबलावरच्या कॉम्प्युटरला दुसरं कोणी हात लावत नसे. बंदी नव्हती. हात लावून उपयोग नव्हता.

आमच्याकडे जुने लोक टाइपरायटरच्या पद्धतीने मराठी टाइप करत, मधले सरकारी पद्धतीने, आणि नवी पोरं इंग्रजी अक्षरं बडवून मराठी काढत. त्यांना या तिन्ही पद्धती मान्य नव्हत्या. त्यांनी स्वतःचा कीबोर्ड बसवून घेतला होता. कुठलं अक्षर कुठल्या बोटाखाली येणार ते त्यांनी ठरवलं आणि बटणांवरची छापील अक्षरं पॉलिश पेपरने घासून टाकली. "आहे" या शब्दाला एक स्वतंत्र बटण होतं. "पोलीस पुढील तपास करीत आहेत" या अख्ख्या वाक्यालाही एक होतं.

नवी आलेली एक उपसंपादक मुलगी पहिल्याच आठवड्यात त्यांना म्हणाली, "सर, तुम्ही सुट्टीवर असाल आणि या मशीनवर दुसऱ्या कोणाला बसायचं असेल तर?"

"सर म्हणू नकोस, ही शाळा नाही. आणि मी सुट्टीवर नसतो."

"पण समजा..."

"समजा हा शब्द बातमीत येत नाही."

घरीही तसंच. दारापाशी जो स्विचबोर्ड होता त्यातलं सगळ्यात जवळचं बटण बाथरूमच्या दिव्याचं होतं, पंख्याचं बटण सगळ्यात लांब, आणि हॉलच्या ट्यूबलाइटचं बटण त्यांच्या खुर्चीच्या हाताशी, भिंतीवर गुडघ्याच्या उंचीला. वायरमनला बसवून त्यांनी ते करून घेतलं होतं. पाहुणा आला की दोन-तीनदा पंखा बंद करी आणि मग हात मांडीवर ठेवून बसे. वहिनी, म्हणजे त्यांच्या पत्नी, एका सरकारी दवाखान्यात औषधं देण्याचं काम करतात. त्या म्हणत, "लग्नानंतरचं पहिलं वर्ष मी या घरात अंधारातच काढलंय."

ते मूळचे मालवणकडचे. वडील गिरणीत होते, परळहून मुलुंडला आले. एरवी ते बातमीत लिहितात तसंच बोलत, मालवणी फक्त रागात आणि वहिनींशी. त्यांची दोन वाक्यं डेस्कवर सगळ्यांना पाठ होती. पहिलं: "हातानं वस्तूकडे जायचं नाही, वस्तूनं हाताकडे यायचं." दुसरं वाक्य म्हणजे प्रश्न होता. कोणी "असं कळलं" म्हणालं की ते विचारत, "कोणाकडून कळलं?" वहिनींच्या म्हणण्याप्रमाणे आमटीत मीठ नाही हेसुद्धा ते आणखी एका माणसाकडून खात्री करून घेतल्याशिवाय मान्य करत नसत.

बातमीची खात्री करण्याची त्यांची एक रीत होती. फोनवर प्रश्न विचारायचा आणि गप्प बसायचं. समोरचा टाळाटाळ करो, हसो, विषय बदलो, यांनी काही बोलायचं नाही. ते आम्हाला सांगत, "माणसाला गप्पपणा झेपत नाही. तो खरं बोलून मोकळा होतो. तुम्ही लोक मध्ये बोलता म्हणून तुम्हाला बातमी मिळत नाही." त्यांना या रीतीने पुष्कळ बातम्या मिळाल्या, हे खरं आहे.

नावाबद्दलचा नियमही त्यांचाच. गुन्हा नोंद झालेला असेल तर नाव छापायचं. नाव काढा असे फोन येत. एकदा एका स्थानिक पुढाऱ्याचा पुतण्या मारामारीत सापडला, तेव्हा पुढारी स्वतः ऑफिसात येऊन बसला. चहा झाला. पुढारी म्हणाला, "पोरगा लहान आहे हो."

"किती लहान?"

"बावीस."

"मग वय पण छापतो."

मुलाची गोष्ट त्यानंतरची. त्यांना एकच मुलगा. तो तेव्हा तेवीस वर्षांचा होता, इंजिनिअर झाला होता, एका कंपनीत निवड झाली होती आणि रुजू व्हायच्या पत्राची वाट बघत होता. भांडुपला त्याच्या मोटरसायकलने पायी चाललेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांना धडक दिली. गृहस्थ वाचले, पण कंबरेचं हाड मोडलं. गुन्हा नोंद झाला. संध्याकाळी आमच्या बातमीदाराने चार ओळींची बातमी दिली आणि त्यात "एका तरुणाने" असं लिहिलं.

त्यांनी बातमीदाराला बोलावलं. "तरुणाला नाव नाही?"

बातमीदाराने खांबाकडे बघितलं.

"आई-बापानं ठेवलं असेल ना काहीतरी?"

"ते तुम्हाला माहीत आहे."

"मला माहीत असून उपयोग नाही. वाचकाला माहीत पाहिजे."

नाव त्यांनी स्वतः टाइप केलं, आडनावासकट. शेवटी त्या एका बटणाने पोलीस पुढील तपास करीत आहेत हेही आलं. दुसऱ्या दिवशी ती बातमी आमच्याशिवाय कुठेही नव्हती.

कंपनीचं पत्र आलं नाही. ते बातमीमुळे आलं नाही की कंपनीचं काही वेगळं होतं, याची खात्री कधी झाली नाही. मुलाने मात्र ती करून घेतली होती. पुढचे काही महिने बाप-लेक एकाच घरात राहिले, एकाच टेबलावर जेवले आणि एकमेकांशी एक शब्द बोलले नाहीत. वहिनी मध्ये बसत. भाजी हवी का, हे मुलाने आईला विचारायचं आणि आईने नवऱ्याला. मग मुलगा शिकायला जर्मनीला गेला, तिथेच नोकरीला लागला. आईला तो दर शनिवारी फोन करी. वडिलांची चौकशी तो करत नसे आणि त्या आपणहून काही सांगत नसत.

मागे त्याचा गेम खेळायचा कन्सोल राहिला होता, टीव्हीखालच्या कप्प्यात, धूळ खात. एका रविवारी वहिनी म्हणाल्या, "भंगारवाल्याला देऊन टाकूया का?"

ते म्हणाले, "आधी चालता काय ता बघूया."

तो चालत होता. त्यांनी त्यातला फुटबॉल लावला आणि कॉम्प्युटरशी खेळून हरायला सुरुवात केली. स्क्रीनच्या एका कोपऱ्यात मुलाचं नाव होतं आणि तो तिकडे खेळायला बसला की त्या नावापुढे हिरवा ठिपका लागे. त्यांनी ठिपक्याबद्दल कोणाला काही सांगितलं नाही. बऱ्याच महिन्यांनी, एका रविवारी दुपारी, त्या नावाकडून सामन्याचं आमंत्रण आलं. त्यांनी ते घेतलं.

तेव्हापासून दर रविवारी दुपारी, तिकडे सकाळ असताना, एक सामना होई. बोलायचा माइक दोघांनीही लावला नाही. एक शब्द लिहिलाही नाही. सामना संपला की कन्सोल बंद. सोमवारी ते ऑफिसात आले की आम्ही विचारायचो, "काय झालं?"

"चार-एक. हरलो."

"कोणाशी?"

"जर्मनीशी."

याहून अधिक तपशील मिळत नसे. पण रविवारची सुट्टी त्यांनी मागून घेतली होती. सुट्टीवर नसणारा माणूस सुट्टी मागतोय म्हटल्यावर संपादकांनी कारणसुद्धा विचारलं नाही.

अंगठ्याचं त्यांना प्रथम गेममध्येच कळलं. शॉटचं बटण ते दाबत आणि शॉट उशिरा जाई. त्यांनी आधी बटणाला दोष दिला, मग केबलला, मग इंटरनेटला. शेवटी डॉक्टरकडे गेले आणि तिथून दुसऱ्या डॉक्टरकडे, खात्री करायला. दुसऱ्याने तेच सांगितलं. हात जातील, मग पाय, मग बोलणं, मग श्वास. क्रम मागेपुढे होऊ शकतो. औषध नाही.

ते ऑफिसात आले, आम्हाला खांबापाशी बोलावलं आणि बातमी सांगावी तसं चार वाक्यांत सांगितलं. मग म्हणाले, "एक गोष्ट. माझ्या मुलाला हे सांगायचं नाही. तुमच्यापैकी कोणी त्याच्या ओळखीचं असेल तर त्यानेही नाही." वहिनींना त्यांनी घरी शपथ घातली होती.

नवी मुलगी, जी आता नवी राहिली नव्हती, तिने विचारलं, "का पण?"

"तो आता खेळायला येतो. कळलं तर बघायला येईल. बघायला सोसायटीतले पुष्कळ येतात."

प्रश्न मग एवढाच उरला की हात जात असताना रविवारचा सामना कसा चालू ठेवायचा, आणि ते समोरच्याच्या लक्षात कसं येऊ द्यायचं नाही. डेस्कवर गेमचा बटणांचा कंट्रोलर कधी हातात धरलेला मी एकटाच होतो, म्हणून मला बोलावणं आलं. आजारी माणसाला लागतात त्या कुठल्याही वस्तूची त्यांनी इतकी चौकशी केली नाही. चाकाची खुर्ची वहिनींनी फोनवर मागवली, तेव्हा त्यांनी रंगसुद्धा विचारला नाही. कंट्रोलरसाठी मात्र आम्ही घाटकोपरला दुकानं फिरलो. प्रत्येक दुकानात ते तेच प्रश्न त्याच क्रमाने विचारत आणि उत्तरं एकमेकांशी ताडून बघत.

एका दुकानात काउंटरवर मालक स्वतः होता, तिशीतला, बडबड्या.

"बटणं बदलता येतात का?"

"सगळी येतात, अंकल."

"सगळी म्हणजे कुठली?"

"सगळी म्हणजे सगळी ना."

"ही मागच्या बाजूला दोन आहेत, यांच्यावर शॉटचं बटण आणता येईल?"

"आरामात."

"वरचा हा ट्रिगर आणता येईल?"

"तो... चेक करायला लागेल."

"म्हणजे सगळी नाही." ते माझ्याकडे वळले. "मागच्या दुकानात पण ट्रिगरलाच अडकला होता." मग पुन्हा त्याला, "आणि केलेला बदल राहतो कुठे? याच्यात की तुझ्या मोबाइलमध्ये?"

"ॲपमध्ये राहतो. ॲप एकदम झकास आहे, अंकल."

"ॲप बंद पडलं तर?"

"ॲप कशाला बंद पडेल?"

"वर्तमानपत्रं बंद पडतात, तू ॲपचं काय घेऊन बसलायस?"

मालक हसला. मग त्यांनी खिशातून घराच्या किल्ल्यांचा जुडगा काढला आणि कंट्रोलरच्या बटणावर ठेवला. बटण दबलं नाही. दुसऱ्यावर ठेवला.

"अंकल, कंट्रोलर आहे तो, वजनकाटा नाही. स्क्रॅच पडेल."

"एवढ्या वजनाने दबलं पाहिजे. थोड्या दिवसांनी माझ्या बोटात याहून जास्त जोर नसणार."

मालक आत गेला आणि एक वेगळा डबा घेऊन आला. या कंट्रोलरला मागे चार पातळ पट्ट्या होत्या, बोटांच्या पेरांखाली येणाऱ्या. समोरचं कुठलंही बटण, ट्रिगरसुद्धा, त्यातल्या कुठल्याही पट्टीवर आणता येत होतं. अंगठ्याने फिरवायचे दोन्ही दांडे एकमेकांच्या जागी लावता येत होते आणि केलेला बदल त्याच्याच पोटात राहत होता. जुडगा ठेवल्यावर पट्टी दबली. पैसे मालकाने सांगितले तेवढे त्यांनी दिले. मुंबईत वस्तू घेताना त्यांनी घासाघीस केली नाही, असं मला दुसरं उदाहरण आठवत नाही.

पहिल्या रविवारी त्यांनी अंगठ्याची सगळी कामं उचलून पट्ट्यांवर नेली. पण सवय जुनी होती. बचाव करताना चेंडू लांब फेकायच्या ऐवजी त्यांच्याकडून शॉट दाबला गेला आणि चेंडू त्यांच्याच गोलमध्ये गेला. खेळ थोडा वेळ थांबला. मग स्क्रीनवर एक ओळ आली:

"बाबा, गोल तिकडे आहे."

सोमवारी ते नेहमीपेक्षा लवकर ऑफिसात आले. "आज बातमी आहे," म्हणाले आणि मोबाइलमधला स्क्रीनचा फोटो सगळ्यांपुढे फिरवला. "रोमनमध्ये लिहिलंय गाढवानं. पण बाबा लिहिलंय. छापील पुरावा आहे."

त्यानंतर अधूनमधून एखादी ओळ येऊ लागली. जर्मनीत बर्फ पडतंय. आज हात गारठलेत. त्याला ते एका बोटाने उत्तर देत, "माझेही." त्यांच्या दृष्टीने हे खोटं नव्हतं.

आजार पुढे सरकत होता तसे ते बटणं सरकवत होते. उजव्या हाताची कामं डाव्या हातात आली. मग डाव्याचाही अंगठा गेला, तेव्हा दांडा तळहाताच्या गादीने ढकलायचा ठरलं. धावण्याचं बटण वायर लावून पायाखाली आणलं. ते पायातलं बटण वर्षभर टिकलं, मग पायही गेला, तेव्हा त्यांनी संघ न धावता खेळवायला सुरुवात केली. फिजिओथेरपीवाल्या बाई त्यांना मऊ चेंडू दाबायला देत. त्या म्हणाल्या, "काका, या गेमपेक्षा व्यायाम केलात तर फायदा होईल."

"फायदा झालेला एक माणूस दाखवा."

"असं कसं दाखवू?"

"मग गेम."

ऑफिस कधीच सुटलं होतं. त्यांच्या टेबलावर नवीन कीबोर्ड आला, छापील अक्षरांचा. संघाची पडती बाजू मुलाच्या लक्षात येऊ नये म्हणून त्यांनी हळूहळू आपली खेळायची पद्धतच बदलली होती: सगळे खेळाडू मागे, चेंडू आडवा फिरवत ठेवायचा, घाई नाही. मुलाने एकदा लिहिलं, "बाबा, तुम्ही म्हातारे झालात, खेळ पण म्हातारा झाला." हे त्यांनी मला फोनवर वाचून दाखवलं. बोलणं तोपर्यंत जड झालं होतं, पण आवाजात समाधान होतं. म्हातारा चालेल. म्हातारं सगळेच होतात.

मग गेल्या पावसाळ्यात त्यांना एक गोष्ट खटकली. मैदानात त्यांच्या उजव्या बगलेवर ते सगळ्यात कमजोर होते, कारण तिकडे वळायला दांडा जितका ढकलावा लागे तितका तळहात ढकलत नव्हता. पूर्वी मुलगा हमखास तिथून घुसे. तीन-चार रविवार तो तिकडून आला नव्हता.

"सोडता हा माका," ते वहिनींना म्हणाले. "तेका कळला."

"कोणाकडून कळणार? मी नाही सांगितलं," वहिनी म्हणाल्या.

"खात्री करूक होई."

आणि त्यांनी त्यांना येत होती त्याच रीतीने खात्री केली. पुढच्या रविवारी सामना सुरू झाला आणि त्यांनी हात मांडीवर ठेवला. एकही पट्टी दाबली नाही. वहिनी सांगतात, संघ मैदानावर उभा होता, सिनेमातल्या पुतळ्यांसारखा. मुलाला माहीत असेल तर तो अशा वेळी गोल मारणार नाही, थांबेल, हा त्यामागचा विचार. मुलगा थोडा वेळ थांबला. मग त्याने गोल मारला. मग दुसरा. पहिला अर्धा भाग संपेपर्यंत पाच झाले.

ते हसत होते. हसताना त्यांना ठसका लागे, तो लागला. "पाच!" त्यांनी वहिनींना मला फोन लावायला सांगितला आणि वहिनींनी फोन त्यांच्या कानाशी धरला. "पाच मारले रे. गाढवाला काही माहीत नाही. काही म्हणजे काही." वहिनींना त्यांनी शिरा करायला सांगितला. गिळणं त्यांना जमत नव्हतं. त्यांनी चमच्याच्या टोकाएवढा खाल्ला.

दुसऱ्या भागात ते खेळले, पण मुलाने तो पुरा होऊ दिला नाही. मधेच बाहेर पडला. संध्याकाळी स्क्रीनवर दोन ओळी आल्या:

"परत तेच सुरू केलंत? समोर बसायचं आणि गप्प बसायचं. मला आता ते जमणार नाही."

त्या ओळी वहिनींनी मोठ्याने वाचल्या. त्यांनी पुन्हा वाचायला सांगितल्या. मग टीव्ही बंद करायला सांगितला.

पुढच्या रविवारी हिरवा ठिपका होता. त्यांनी वहिनींकडून आमंत्रण पाठवलं. ते घेतलं गेलं नाही. त्याच्या पुढच्या रविवारीही नाही. गणपती झाले, दसरा झाला. दर रविवारी दुपारी त्यांची खुर्ची टीव्हीसमोर आणली जाई, कंट्रोलर लाकडी पाटावर बसवून मांडीवर ठेवला जाई, डाव्या हाताची दोन बोटं पट्ट्यांवर टेकवली जात. उजवीकडच्या सगळ्या पट्ट्या काढून टाकल्या होत्या. दांडा सोडता दोनच कामं उरली होती, पास आणि शॉट. आमंत्रण जाई. ठिपका बराच वेळ तसाच राही आणि मग विझे.

त्यातल्या एका रविवारी मी तिथे होतो. मी म्हणालो, "मी लिहू का त्याला, नुसतं एवढंच की त्या दिवशी मशीन बिघडलं होतं?"

त्यांनी मान हलवली. वहिनींनी कान त्यांच्या तोंडाशी नेला आणि मला सांगितलं, "म्हणतात, खोटं छापायचं नाही."

"मग खरं लिहू?"

त्यांनी डोळे पुन्हा स्क्रीनवरच्या ठिपक्याकडे फिरवले.

दिवाळीत श्वासाला त्रास सुरू झाला. रात्री नाकावर मशीन लागू लागलं. दिवाळी संपली त्या शनिवारी मुलाचा नेहमीचा फोन आला, तेव्हा वहिनी दवाखान्यातून परतत होत्या. स्टेशनबाहेरच्या फुलवाल्याच्या शेजारी उभं राहून त्यांनी त्याला सगळं सांगितलं. अंगठ्यापासून. पट्ट्या, पायाखालचं बटण, पाच गोल, शिरा. मला त्यांनी ते दुसऱ्या दिवशी दारातच सांगितलं. "शपथ गेली खड्ड्यात," त्या म्हणाल्या. "यांना काही बोलू नका."

तो शेवटचा रविवार. आमंत्रण गेलं आणि लगेच घेतलं गेलं.

त्यांनी डोळे वहिनींकडे फिरवले, मग स्क्रीनकडे. सामना सुरू झाला. त्यांचा खेळाडू चेंडू घेऊन मध्यावर आला. समोर कोणी आलं नाही. पुढे सरकला, तरी कोणी नाही. मुलाचे बचावपटू दोन्ही बाजूंना पांगले होते आणि गोलरक्षक एका कोपऱ्याला जाऊन उभा होता. गोल उघडा होता.

"अहो, मारा ना," वहिनी म्हणाल्या.

शॉटच्या पट्टीवरचं बोट हललं नाही. तळहात मागे सरकला. खेळाडू वळला आणि त्यांनी चेंडू मागे दिला, तिथून आणखी मागे, आपल्याच गोलरक्षकाकडे. मग चेंडू पुन्हा पुढे आणला. रस्ता पुन्हा मोकळा झाला. त्यांनी पुन्हा मागे दिला.

ते काहीतरी म्हणाले. मला कळलं नाही. वहिनींना कळलं.

"हो," त्या म्हणाल्या. "काल सांगितलं मी."

ते स्क्रीनकडेच बघत होते. पहिला अर्धा भाग असाच गेला. रस्ता मोकळा होई आणि चेंडू मागे जाई. शून्य-शून्य.

दुसरा भाग सुरू झाल्यावरही तेच झालं. मग मुलाचा एक खेळाडू वेगाने आला, त्याच कमजोर उजव्या बगलेवरून, त्यांच्या गोलरक्षकाच्या पायातून चेंडू काढून घेतला आणि गोल मारला.

त्यांच्या तोंडातून एक आवाज आला. वहिनी खाली वाकल्या.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"'आता कसो' म्हणाले."

यानंतर मुलाचे बचावपटू जागेवर आले. गोलरक्षक मध्ये आला. आडवा चेंडू फिरवत ते बऱ्याच वेळाने पुढे पोहोचले आणि त्यांनी शॉट मारला. त्या दिवशीचा त्यांचा तेवढाच शॉट. गोलरक्षकाने तो अडवला. शेवटच्या मिनिटांत मुलाने उजवीकडूनच दुसरा गोल केला.

सामना दोन-शून्य संपला. स्क्रीनवर ओळ आली: "पुढच्या रविवारी?" त्यांनी पापण्या मिटून उघडल्या. वहिनींनी त्यांच्या हातातला कंट्रोलर घेतला आणि एकेक अक्षर शोधत "हो" लिहिलं.

गुरुवारी सकाळी ते गेले. अंत्यसंस्कार दुपारीच झाले. कोणासाठी थांबायचं नाही, असं त्यांनी बोलता येत होतं तेव्हाच सांगून ठेवलं होतं. मुलाचं विमान शुक्रवारी सकाळी उतरलं.